तांदळाचं माप

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पण म्या डोळ्यांनी बघितलंय!" शिरूर स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या रांगेत केंदूरच्या म्हाळसाबाईंनी सुरेखाला गाठलं. मागंच तोंडाला स्कार्फ बांधून स्वप्नाली उभी होती. छाती वाढवायच्या ऑपरेशनचं माप तिला आज डॉक्टरला सांगायचं होतं, आणि गावात हे कुणालाच ठाऊक नाही अशी तिची भाबडी समजूत होती.

"बिरदेवाची सून छाती मोठी करून घेतीया. डॉक्टर म्हनला, पिशव्यांत तांदूळ भरा, आत घालून घरात वावरा, मग माप सांगा."

"आगं बाई! मग?"

"मग काय, समदं घर मापाला बसलं! नणंद म्हनली, खर्च तेवढाच हाय, तर हात कशापायी आखडायचा?"

"आन् नवरा?"

"त्यो बिचारा खडं निवडीत बसला."

"शेवटी ठरलं कुणाचं?"

"सासूचं! परवाच, माझ्यासमोर, तिनं दोन्ही पिशव्यांतनं मूठ मूठ तांदूळ काढलं."

स्वप्नालीनं स्कार्फ खाली ओढला.

"मावशी, माप माझं मीच ठरवलंय. आन् गेल्या साली माझ्या सासूच्या तेराव्याला तुम्ही दोन पंगतींत जेवलात की! मग परवा तिनं तांदूळ काढलं कसं?"