हितचिंतकाचा अर्ज

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संघाचे चेअरमन माननीय वैजिनाथआप्पा मिटकरी, व्यासपीठावरचे सर्व संचालक, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते संघाचे संगणक अधिकारी मुस्तकीम बागवान, त्यांचे वडील चाँदभाई आणि मातोश्री अजमतबी, आष्टी आणि माजलगावच्या शीतकरण केंद्रांवरून पहिल्या गाडीनं आलेला कर्मचारी वर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्यानं मागं भिंतीला टेकलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर ते मुद्दाम वगळलं असा संशय घेऊ नका. संशय घ्यायचं खातं या संघात माझ्याकडं आहे, ते माझ्याकडंच राहू द्या.

मी सोमेश्वर शेटे, दूध तपासनीस. एकतीस वर्षं झाली, रोज सकाळी दुधात लॅक्टोमीटर बुडवून पाणी शोधायलोय. "लेकराची शपथ साहेब, थेंबभर पाणी न्हाई," असं जो म्हणतो त्याचं कॅन मी आधी तपासतो. मघाशी सत्काराचे नारळ आले, तेही मी एकेक कानाशी धरून हलवून बघितले आणि दोन बदलून आणायला लावले. हसा, हसा. पण त्यातला एक खरंच कोरडा होता.

तर मुस्तकीमसाहेब पुण्याच्या मोठ्या कंपनीत चाललेत. आनंदाची गोष्ट आहे, असं माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी सांगितलं. एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, ती मी बोलतो. त्या कंपनीनं सोमवारपर्यंत वर्तणुकीचा दाखला मागितलाय आणि आपल्या संघानं तो अजून दिलेला नाही. शाल दिली, फेटा बांधला, दाखला नाही! कारण त्यांच्यावरची चौकशी अजून मिटलेली नाही. दाखला नसेल तर तिकडची नोकरी जाते, आणि इकडचा राजीनामा तर देऊन झाला. म्हणजे पोरगा ना घर का ना घाट का. आणि चौकशी अधिकारी कोण? हा तुमच्यासमोर उभा आहे तो.

गोष्ट मागल्या वर्षीची, दोन हजार एक सालची. खासगी डेअऱ्यांच्या गाड्या आपल्या गावागावांत फिरायला लागल्या होत्या. त्यांना दुधाचा आकडा दुपारी कळायचा, आपल्याला दुसऱ्या दिवशी. आप्पांनी मनावर घेतलं की बीडचं मुख्य कार्यालय आणि दोन्ही केंद्रं एका लाईनीनं जोडायची, आकडे त्यातूनच येतील आणि फोनवरचं बोलणंही त्यातूनच होईल. खरेदी समितीत मला घेतलं. मला संगणकातलं काडीचं कळत नव्हतं, पण ज्याला कळत नाही तो जास्त प्रश्न विचारतो, असं आप्पांचं म्हणणं.

समितीच्या टेबलावर लाईन जोडायच्या दोन पेट्या आल्या. एक बांधीव राउटर. जे आहे ते आहे, त्यात वाढवायला काही नाही. दुसरा मॉड्युलर राउटर, म्हणजे पाठीमागं चार खाचा, पाहिजे ते कार्ड घ्यायचं आणि खाचेत बसवायचं. मुस्तकीमसाहेबांचा आग्रह या दुसऱ्याचा, आणि तो महाग. दोन खाचा तर रिकाम्याच, वर पत्र्याचं झाकण! मी विचारलं, "रिकाम्या खाचा कावून घ्यायच्या? रिकाम्या कॅनची पावती मी कधी फाडली का?" ते शांतपणे म्हणाले, "शेटेकाका, गोठा बांधताना आज आहेत तेवढ्याच म्हशींपुरता बांधतो का आपण? उद्या केजला केंद्र काढलं तर नुसतं कार्ड घालू, पेटी तीच राहील."

उत्तर चोख होतं. आणि चोख उत्तराचा मला जास्त संशय येतो.

मग व्हॉइस गेटवेचा विषय निघाला. म्हणजे आपलं बोलणं आकड्यांसारखं बारीक तुकडे करून त्याच लाईनीतून धाडायचं आणि पलीकडं परत जोडायचं. मी म्हटलं, बोलणं आणि आकडे एकाच तारेत घातल्यावर एकमेकांत मिसळणार नाहीत कशावरून? ते म्हणाले, "आवाजाला आधी वाट द्यायची, आकडे मागून. आकडा दोन सेकंद उशिरा आला तर कुणाचं बिघडत नाही. आवाज अडकला की माणूस हॅलो-हॅलो करत बसतो." त्यावर त्यांनी आणखी एक कार्ड मागितलं, गावातल्या साध्या टेलिफोनच्या तारेचं. मुख्य लाईन तुटली तर फोन आपोआप त्या तारेवरून निघून जाईल म्हणे. मी मनात म्हटलं, नवी लाईन चांगली आहे तर तुटंल कशाला? आणि तुटणारच असंल तर घ्यायची कशाला? हे कार्ड म्हणजे दुधातलं पाणी आहे, अशी माझी खात्रीच झाली.

त्यात ते सीताफळांचे दिवस. एका दुपारी इथंच बीडच्या बशीरगंजात मी रसवंतीपाशी उभा होतो. पुण्याच्या विक्रेत्याचा माणूस, महागडी पेटी घेऊन आलेला तोच, चाँदभाईंच्या फळांच्या गाड्यावर आला. गाठोडं घेतलं आणि चाँदभाईंच्या हातात नोटा ठेवल्या. मुस्तकीमसाहेब बाजूलाच उभे होते आणि वडिलांना मान हलवून खुणावत होते, घ्या, घ्या. मी हे माझ्या या दोन डोळ्यांनी बघितलं. आणखी काय पुरावा पाहिजे?

महिन्याभरात महागडीच पेटी मंजूर झाली, आणि आठ दिवसांनी आप्पांच्या नावे एक निनावी अर्ज आला. "संगणक अधिकाऱ्याने विक्रेत्याकडून वडिलांच्या हाताने पैसे घेतले, अनावश्यक कार्ड संघाच्या गळ्यात मारले," आणि खाली "आपला एक हितचिंतक". आप्पांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "शेटे, तुमच्याएवढा संशयी माणूस आपल्याकडं दुसरा न्हाई. चौकशी अधिकारी तुमीच." मला दरदरून घाम फुटला. आप्पांना वाटलं, जबाबदारीनं फुटला.

आप्पा, तो अर्ज मीच लिहिला होता. डाव्या हातानं.

शांत राहा. जरा शांत राहा. बंकटराव, तुम्ही ओरडताय ते बरोबर आहे, पण माझं होऊ द्या. मंडळी, आपल्या भांडारातले बंकटराव आणि मुस्तकीमसाहेब यांची एकदा बाचाबाची झाली होती, म्हणून आठ महिने सगळ्यांनी तो अर्ज यांच्याच नावावर खपवला. यांच्या टेबलावर कुणी चहाला बसेना. मला सगळं दिसत होतं. मी गप्प बसलो, कारण यांच्यावर संशय आहे तोवर माझ्यावर येत नाही.

चौकशी मात्र मी कसून केली. माझा अर्ज खरा निघावा म्हणून जिवाचा आटापिटा केला. मार्च महिन्यात चाँदभाईंच्या गाड्यावर गेलो आणि भर रस्त्यात विचारलं, त्या माणसानं पैसे कशाचे दिले? चाँदभाई म्हणाले, "साहेब, दोन डझन सीताफळं नेली, त्याचे दिले. गिऱ्हाइकानं पैसे न्हाई द्यावं तर काय द्यावं? मी तर घेतच न्हवतो. म्हटलं पोराकडं आलेला पाव्हणा हाय. पर पोरानंच सांगून ठेवलतं, अब्बा, ह्याच्याकडून पुरे पैसे घ्या. एक फळ जरी फुकट खाल्लं ना यानं, तर उद्या याच्या मालाला नको म्हणताना माझी जीभ अडकंल."

ऐकलंत? मी जो पुरावा म्हणून लिहिला, ती त्या पोराची सचोटी होती. मान हलवून घ्या-घ्या म्हणत होता तो याच्यासाठी. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण मी काय विचार केला? बाप-लेकानं आधीच ठरवून ठेवलेलं दिसतंय!

पुढं मे महिन्यात काय झालं ते आष्टीच्या भिवराबाई समोर बसल्यात, त्या सांगतील. भर दुपारी केंद्रावरचा कॉम्प्रेसर जळाला. टाकीत पाच हजार लिटर दूध, बाहेर ऊन मी म्हणतंय. व्यवस्थापक रजेवर, बाहेरगावी फोन लावायच्या एसटीडीच्या कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात. भिवराबाईंनी रोजच्यासारखे दोन आकडे दाबले, बीडला फोन वाजला. "साहेब, मशीन बंद पडलंय, दूध नासायलंय, टँकर धाडा लवकर!" टँकर गेला, दूध वाचलं. संध्याकाळी कळलं की सकाळीच रस्त्याच्या कामात जमिनीतली नवी लाईन तुटली होती. फोन आला तो खांबावरच्या जुन्या तारेवरून. मी ज्याला पाणी म्हटलं होतं त्या कार्डातून.

आता तरी मी हात जोडावेत की नाही? मी दुसऱ्या दिवशी एसटीनं आष्टीला गेलो आणि तार कुणी तोडली ते बघायला खड्ड्यात उतरलो. भिवराबाई वरून म्हणाल्या, "काय हुडकायलाव साहेब?" म्हटलं, तार कापली का तुटली ते बघतोय. त्या म्हणाल्या, "मशीननं तोडली की, समद्या गावानं बघितलं. तुमाला काय वाटायलंय, मुस्तकीमभाऊनं येऊन दातानं तोडली?"

खरं सांगायचं तर तसंच काहीसं वाटत होतं.

जूनमध्ये मी अहवाल दिला. "पुरावा आढळला नाही, तथापि संशयास वाव राहतो." त्या एका वाक्यावर मुस्तकीमसाहेबांची बढती गेली, त्या वाक्यावर आज दाखला अडलाय. खरं तर वाव कुठंच नव्हता. पण निर्दोष लिहिलं असतं तर आप्पांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग खोटा अर्ज कुणाचा? त्या प्रश्नाला भिऊन मी एका सरळ माणसाचं नाव आठ महिने चिखलात ठेवलं.

आज सकाळी भाकरी वाढताना आमच्या मंडळींनी, जगदेवीनं, विचारलं. तिनं मला डाव्या हातानं लिहिताना पाहिलं होतं, इतके दिवस बोलली नव्हती. म्हणाली, "दर सालाला कपिलधारच्या यात्रेला जाऊन देवापुढं हात जोडताव. एक इचारू? ह्या पोराच्या जागी आपला लेक वीरेश असता, नाहीतर आपल्यातलाच दुसरा कुणी असता, तर रसवंतीच्या आडून बघत उभं राहिला असताव का, का सरळ जाऊन विचारलं असतं?" मी म्हटलं, तसं काही नाही. तिनं दुसरी भाकरी वाढली. सबंध जिल्ह्याचं दूध तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनातलं पाणी दिसलं नाही, आणि ते आज सकाळी बायकोनं दाखवलं. ती भाकरी ताटात तशीच ठेवून मी कागद घेऊन बसलो.

मुस्तकीमसाहेब, उठू नका. "काका, जाऊ द्या" असं तुम्ही म्हणाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. ते ऐकायची माझी लायकी नाही. चाँदभाई, अजमतबी, भर रस्त्यात मी तुम्हाला चोरासारखं विचारलं. मला लाज वाटती.

ऐन वेळी मी शब्द गिळीन असा मला स्वतःचाच संशय होता. म्हणून भाषणाला उठायच्या आधीच आप्पांच्या हातात एक बंद पाकीट दिलंय. आप्पांना मानपत्र वाटलं असंल. आप्पा, फोडा ते. आत सुधारलेला अहवाल आहे. अर्ज खोटा, अर्जदार सोमेश्वर शेटे, आणि खाली माझी सही. सोबत दाखलाही आहे, आपल्या कार्यालयातल्या रतनबाईंनी दुपारीच टाइप करून दिलाय. त्यावर फक्त तुमची सही राहिली आहे. माझं काय करायचं ते संचालक मंडळानं सावकाश ठरवावं. दाखल्याची सही मात्र पंगत बसायच्या आधी व्हावी.

आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मधे उठून मला खाली खेचलं नाहीत, याबद्दल आभारी आहे. बोलण्याच्या ओघात भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. अर्जात जे झालं, ते मात्र घालू नका.