शिडीला हात लावू नको

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वीज खात्यातील अधिकारी-कर्मचारी, आणि आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या विशाखाताई सोनकांबळे, सर्वांना माझा सलाम आणि नमस्कार.

मी बुशरा. कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. आज माईक हातात असूनही कागदावर लिहून आणलंय.

आमच्या क्लासचे मालक सिद्धलिंग सर. भूकंपात त्यांचं गावाकडचं घर गेलं. पुढं क्लास जोरात चालला, तेव्हा लातुरात बंगला बांधला. पुन्हा हादरा बसला तरी टिकावं म्हणून सळई दुप्पट घातली. मागं छोटा स्विमिंग पूलही केला. टँकरच्या शहरात पूल! लोकांनी नावं ठेवली, आणि बघायलाही आले.

निकाल लागला तेव्हा सरांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. विशाखाताईंचा मुलगा प्रेम आमचा विद्यार्थी, म्हणून त्याही होत्या. तिन्हीसांजेची वेळ. माझी शबाना, तेव्हा चौथीत, एकटीच पाण्यात. बाकी पोरं भज्यांवर तुटून पडलेली.

ती ओरडली, "अम्मी, शिडीला मुंग्या येऊन राहिल्यात!"

मला वाटलं, खऱ्या मुंग्या; मी हसले. ताई मात्र कप टाकून उठल्या. "करंट हाय, शिडी सोड! माघारी फीर, मध्ये थांब! कुणी पाण्यात उतरायचं न्हाई, ओल्या फरशीवर जायचं न्हाई!"

मी धावले, तर त्यांनी माझा दंड धरला. "सोडा, माझं लेकरू हाय ते!" मी किंचाळले. त्यांनी सोडलं नाही. आईला लेकरापासून धरून ठेवायला केवढं काळीज लागत असेल, सांगा!

सरांच्या पत्नी गंगम्मांनी पळत जाऊन मेन स्विच पाडला. पंखे थांबले. सर म्हणाले, "झालं बंद. ये बाळा, धर शिडी."

शबानानं हात पुढं केला.

"हात लावू नको!" ताईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पाण्याखालची बत्ती चालूच होती. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत ती इन्व्हर्टरवर घेतलेली, आणि गळती तिच्यातच होती. इन्व्हर्टर बंद झाला, बत्ती विझली, तेव्हा ताईंनी मला सोडलं. शबाना बाहेर आली. ओठ निळे. मी तिला अशी आवळली की ती म्हणाली, "अम्मी, दुखतंय."

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मॅडम, अर्थिंग तर केलंय."

ताई म्हणाल्या, "शिडी, फरशीखालची सळई, पंप, बत्तीची चौकट, सगळं तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडलंय का? न्हाई. म्हणून पाण्यात उभ्या माणसानं शिडी धरली की दोन्हींतल्या व्होल्टेजच्या फरकानं करंट त्याच्या अंगातून जातो. ते जोडा. गळती झाली की क्षणात वीज तोडणारा स्विच बसवा. बत्ती कमी व्होल्टची घ्या. तोवर पूल कोरडा."

नवीकोरी फरशी फोडावी लागली. सरांनी मुकाट्यानं फोडली.

पण ताई, त्या संध्याकाळचं एक सांगू? फाटकापाशी तुम्हाला स्कूटरची किल्ली लावता येईना. तुम्ही म्हणालात, "बुशरा, ती बत्ती मला दिसली नसती तर?"

मी तुमच्या हातून किल्ली घेतली आणि लावून दिली.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही अधिक-उणं बोलले असेन, तर एका आईला सांभाळून घ्या.