रविवारचा रस्सा

नको, चहा नको, बसतही नाही मी — बरं, बसते, पण दोनच मिनिटं, गाडी नो-पार्किंगच्या डबल यलो पट्ट्यांवर लावलीय. तू तुझा कांदा परतत राहा, माझ्यासाठी थांबू नकोस. खिडकी मात्र उघड गं. तुमच्या नागपूरच्या मसाल्याचा वास कोटाला लागला की ड्राय-क्लीनरसुद्धा नाक मुरडतो — गंमत करतेय. तर दारात काय सांगत होते मी? हां, स्वराली. तुझ्या कानावर आलंच असेल, गप्प बसायला आपल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं काय मुकी आहेत? त्या रेखाला तर माझ्याआधी कळलं असणार. मंगळवारी शाळेत ती ड्रग्जची रँडम टेस्ट झाली, कॉम्प्युटरनं नावं काढली, त्यात आमच्या बाईसाहेब निघाल्या, तोंडात तो बोळा फिरवला — आणि पॉझिटिव्ह! माझी मुलगी. शाळेच्या गव्हर्नरची मुलगी. उद्या सकाळी हेडमास्तरनं बोलावलंय, आणि काढून टाकलं ना, तर एडिनबराची मेडिसिनची ऑफर गेली म्हणून समज.

हसतेयस की काय? नाही? मग ठीक.

आणि ही टेस्ट शाळेत आणली कोणी, तर मीच, हे मला कोणी ऐकवायला नको. आणायलाच हवी होती. तू त्या मीटिंगा बघितल्या नाहीस गं — ते गोरे आईबाप, पोराच्या खिशात काय आहे ते विचारायची हिंमत नाही, म्हणे प्रायव्हसी! एक बाप तर उभा राहून म्हणाला, टीनएजर्स एक्सपेरिमेंट करणारच. मी म्हटलं, करू दे, तुमच्या गॅरेजमध्ये करू दे, आम्ही फी भरतो ती केमिस्ट्रीच्या एक्सपेरिमेंटची. सगळे गार! अर्ध्या तासात ठराव पास. हात वर करताना एकानंही वाचलं नव्हतं आपण काय पास करतोय ते — आणि या लोकांनी आपल्यावर राज्य केलं, कमाल आहे. कोणालाही सूट नाही, हे वाक्यही मीच घालायला लावलं. गव्हर्नरांच्या मुलांनाही नाही. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

तर तुझ्याकडे काम असं आहे. तू उद्या माझ्याबरोबर हेडकडे यायचं आणि सांगायचं, की स्वराली रविवारी तुमच्याकडे जेवली. मटणाचा रस्सा खाल्ला. खसखस वाटून घातलेला. बस, एवढंच. आता आमच्या घरी मटण शिजत नाही हे सगळ्या वॉटफर्डला माहितीय, पण म्हण खाल्लं म्हणून, मी चालवून घेईन. माझ्या सासूबाईंना पुण्यात कळलं तर अंथरूण धरतील, तरी चालवून घेईन. बघ, तुझ्यासाठी किती खाली उतरतेय मी.

असं का बघतेस? तुझंच तर आहे हे. गेल्या वर्षी तुझा प्रणव टेस्टमध्ये सापडला तेव्हा तूच नव्हतीस का उभी राहिलीस आम्हा गव्हर्नरांसमोर — ती प्लास्टिकची पिशवी घेऊन? अजून डोळ्यांपुढे आहे माझ्या. टेबलावर खसखस ओतून दाखवलीस. रविवारचा रस्सा, सर, अफूच्याच झाडाचं बी असतं, सर — आणि तो हेड बिचारा बोटानं दाणे गोळा करतोय, कार्पेटवर सांडले म्हणून. हसू नाही येणार का माणसाला? हसले मी. सगळ्यात आधी हसले, मान्य. आणि मग तुला म्हटलंही, मराठीतच म्हटलं, तुला नीट कळावं म्हणून — जेवण सगळ्यांच्याच घरी शिजतं, अलका, मुलं मात्र सगळ्यांची सापडत नाहीत. लागलं असेल तुला. पण गव्हर्नरच्या खुर्चीत बसून मी काय मंडळातली मैत्रीण म्हणून बोलणार होते? आणि प्रणवचं काय वाईट झालंय? शाळेतून काढलं, तरी जातोय ना कॉलेजला. दोन बस बदलून जातोय, तर जातोय. तिथे फर्दर मॅथ्स, ते वरचं गणित, शिकवत नाहीत म्हणे — विमानं बनवायची होती ना त्याला? बनवेल काहीतरी दुसरं.

काय? कशाचा पॉझिटिव्ह म्हणजे? पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. आता त्यात जायचंय कशाला — तू आपलं रस्सा म्हण, पुढचं मी बघते. अगं, नाव काहीतरी असतं त्या — बरं बाई, कॅनाबिस. झालं समाधान? गांजा! ऐकायचं होतं ना, ऐकलंस? माहितीय मला, खसखशीनं गांजा येत नाही. मी काय अडाणी आहे? पण त्या हेडला काय कळतंय? त्याला खसखस काय, गांजा काय, हळद काय, सगळं एकच — इंडियन काहीतरी. तू साडी नेसून आलीस आणि दोन अश्रू काढलेस, की तो उठून पाणी आणायला पळेल. तुला जमतं ते. मला नाही जमत.

आणि ती काही व्यसनी वगैरे नाही हं. मायरा म्हणून एक कार्टी आहे तिच्या वर्गात, तिचंच काम. मला काय स्वप्न पडणार होतं? उन्हाळ्यापासून खोलीत उदबत्ती लावायला लागली, रोज, न सांगता. मला वाटलं, बरं वळण लागलं पोरीला. मंडळात सगळ्यांना सांगत सुटले मी. तुलाही सांगितलं होतं ना? गणपतीत? तेव्हाही तू अशीच माझ्याकडे बघत राहिलीस.

नाही, ते शक्य नाही. लॅबवाली बाई काही बोलणार नाही. ती नसतेच हेडबरोबर. प्रणवच्या वेळी आली होती तेवढी एकदाच, मीटिंगला, आणि उगाच घोळ घालत होती, की ही आई म्हणतेय ते होऊ शकतं, अफूतल्या मॉर्फिनचा आकडा इतका छोटा आला तर आधी जेवण विचारा, सॅम्पल परत तपासा. मीच थांबवलं तिला. म्हटलं, एकाचं परत तपासलंत की उद्या सगळ्यांच्या आया डबे घेऊन रांगेत उभ्या राहतील. दोन मिनिटांत गप्प केली. तू तेव्हा बाहेर कॉरिडॉरमध्ये होतीस ना, तुला कुठून —

गॅस का बंद केलास?

तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, हेडनं कळवलं असेल. म्हणजे... प्रोसिजर असते ना काहीतरी. अगं, मी एकटीनं का ठरवलं, सगळ्यांचे हात वर होते, मी फक्त... हे बघ, आता मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे? स्वरालीचा विचार कर. लहान असताना तुझ्याच मांडीवर झोपायची ती, नवरात्रात. सतरा वर्षांची पोर आहे, अलका, आयुष्य जाईल तिचं. एका चुकीसाठी कोणी एवढ्याशा पोराला — नाही, प्रणवचं वेगळं होतं. कसं म्हणजे? वेगळं होतं. तो... त्यानं...

राजश्रीताई म्हणू नकोस मला अशा आवाजात. सरळ सांग, येतेस की नाही. आणि दार का उघडलंस? बाहेर किती गारठा आहे.

काय म्हणालीस? जेवण सगळ्यांच्याच घरी...?

ते मी म्हटलं होतं. तुला. ते माझं वाक्य आहे, अलका, ते तू मला... थांब. ढकलू नकोस, जाते मी, जाते. बूट तरी घालू दे.