काचपेटीसाठी मांगूर

तुळसा : रोहू ने ना. मांगूर कायले पाह्यजे तुले?

देवानंद : मोठीमाय, मांगूरच दे. दोन-चार.

तुळसा : उद्या साहेब लोक येनार, कचऱ्याचं पानी साफ केलं म्हनून काचेच्या पेटीत मासोळी दाखवनार तुमी, अन् पेटीत मांगूर? रोहू कशी चमकते!

देवानंद : रोहू टाकली होती काल.

तुळसा : मंग?

देवानंद : संध्याकाळी उताणी पडली.

तुळसा : हं. आता बोल.

देवानंद : काय बोलू?

तुळसा : मांगूर वर येऊन हवा घेते, चिखलातबी मरत नाही. तुझ्या मोठ्याबानं आपल्या बोडीच्या तळ्यात उतरवून शिकवलं होतं तुले. चांगलं कामी आनलं, बाप्पा.

देवानंद : टोमणे नको मारू. मी ऑपरेटर आहो, ठेकेदार नाही.

तुळसा : याच अंगनात बसून किती हौसेनं सांगत होता त्या टाक्यांचं!

देवानंद : खरंच सांगत होतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून काळं पानी झिरपते, ते पहिल्या टाकीत घेतो. तिथं धातूच्या पाट्यांतून करंट सोडतो. रंग जाते, घाण फुटते. मंग दुसऱ्या टाकीत जंतू. उरलेलं ते खाऊन टाकतात. दोन्ही नीट चाललं तर काम करते, मोठीमाय. मी डोळ्यानं पाह्यलं.

तुळसा : त्या जंतूंसाठीच माह्या बोडीचा गाळ नेला ना? म्या टोपले भरून दिले.

देवानंद : मेले ते.

तुळसा : कशानं?

देवानंद : ठेकेदारानं करंट वाढवाले लावला. वाढवला का पानी लवकर साफ दिसते. पन त्यात क्लोरीन बनते. नळाच्या पान्याले वास येते ना, तेच, पन लय. ते दुसऱ्या टाकीत गेलं अन् जंतू खलास. आता रंग तेवढा गेला. मासोळीले मारनारं तसंच आहे.

तुळसा : अन् ते माह्या बोडीत सोडनार.

देवानंद : उद्या पास झालं तर.

तुळसा : आताबी झिरपून येतेच, पन काळं येते. म्हशी हुंगतात अन् मागं फिरतात. साफ दिसलं तर पितीन ना रे! गिरजाबाईचे नातू उड्या मारतीन त्यात.

देवानंद : पास झालं का मी पर्मनंट होतो. मंग पुन्हा गाळ टाकीन, जंतू वाढवीन, करंट कमी ठेवीन.

तुळसा : ठेकेदार ठेवू देईन?

देवानंद : मांगूर देतेस का नाही?

तुळसा : तुझी माय याच बोडीत कंबरभर पान्यात उभी राहून झिंगे धरे. तहान लागली का तिथलंच पानी ओंजळीनं पिये. तू पोटात होता तवा. अन् तिचाच पोरगा खोटी मासोळी दाखवाले निघाला.

देवानंद : अन् तू? भंडाऱ्याच्या बाजारात गिऱ्हाईक विचारते, मच्छी कुठची, तवा काय सांगतेस?

(तुळसा मांडीवरच्या जाळ्याची गाठ सोडवत राहते.)

देवानंद : चुकलं माह्यं.

तुळसा : नाही चुकलं. बोडीची म्हटलं का लोक टोपल्यातला हात काढून घेतात. धुवाले पानी मागतात.

देवानंद : जातो मी.

तुळसा : थांब. माह्याकडून नाही तर केशरबाईकडून नेशील. मागच्या मडक्यात आहेत. मोठ्या पाहून घे, त्या लवकर नाही मरत.

देवानंद : राग आला ना तुले?

तुळसा : झाकन दाबून लाव, उडी मारतात. अन् साहेबानं विचारलं, मासोळी कुठची...

देवानंद : तर?

तुळसा : गोसीखुर्द धरनाची सांग.