तुमी म्हनाल तसं

नाना : ती पिशवी आधी खाली ठिव. आज तू कुटं जात न्हाईस.

वैष्णवी : नाना, परवाच तुम्ही हो म्हणालात.

नाना : परवा तुज्या थोरल्या बहिनीच्या सासरचा फोन आला नव्हता. आज सकाळी आला. वेल्ह्यावरनं जीप काढलीया त्यांनी. जावाई सोमनाथ, त्याचा बाप चिमाजीराव, चुलता, समदी रत्नाला न्यायला येत्यात. आन तू ऐन वक्ताला पुन्याला निघालीस!

वैष्णवी : मी फिरायला निघालेय का? कोर्स आजपासून सुरू होतोय. पहिल्या दिवशी जो येत नाही, त्याची जागा दुसऱ्याला देतात. तसं स्पष्ट सांगितलंय त्यांनी.

नाना : मंग जाऊ दे की दुसऱ्याला. त्यो मोबाईलवरचा कोर्स हाय की. तूच दाखवला व्हतास.

वैष्णवी : तो का करायचा नाही, ते सांगायला दाखवला होता.

नाना : घरबसल्या हुतोय, सर्टिफिकेट मिळतंय. मध्यस्थ म्हनून पाटी लावायला आजून काय लागतंय? भोरात मालिनीताईंच्या हापिसात वकिली शिकतीस, तितंच लाव पाटी.

वैष्णवी : त्यात नुसते व्हिडिओ बघायचे आणि बरोबर उत्तरापुढं खूण करायची. समोर माणूसच नाही. पुण्याला खरी माणसं बसवतात समोर. एक नवरा होतो, एक बायको होते, आपण मध्ये बसायचं. चुकलं की शिकवणाऱ्या बाई तिथंच थांबवतात, परत करायला लावतात.

नाना : म्हंजी नाटक.

वैष्णवी : नाटकच, पण...

नाना : आगं, हितं आपल्या अंगनात खरी बसत्यात की! तंटामुक्तीचा अध्यक्ष हाय मी. गावातलं एक भांडान भोरच्या कोर्टात जाऊ दिलं न्हाई म्या. आन माज्या पोरीला मिटवामिटवी शिकाया पुन्याला जायाचंय! लोकं हासत्यात मला.

वैष्णवी : कोण हसतं?

नाना : त्यो गोरख. म्हनला, नाना, पोरगी काय लग्नं जमवनार का? त्याला मध्यस्थ म्हंजी तेवढाच म्हाईत. म्या म्हनलं, न्हाई बाबा, मोडाया आलेली जुळवनार हाय.

वैष्णवी : असं नका सांगू लोकांना.

नाना : का? आज तेच करायचंय. नीट ऐक. तू हितं बस आन रत्नाची समजूत काढ. तुजं ऐकती ती. एकदा का ती गाडीत बसली, की मी सोता तुला पुन्याला सोडतो. त्या बाईंच्या पाया पडतो. म्हनतो, घरात अडचन व्हती, पोरीला घ्या.

वैष्णवी : आणि ताई नाही बसली गाडीत तर?

नाना : तर मोबाईलवरचं कर. न्हाईतर काईच करू नको. सोताच्या बहिनीचं जिला मिटवता ईना, ती जगाचं काय मिटवनार?

रत्ना : च्या आत्ताच ठेवू का? का मानसं आल्यावर?

नाना : रत्ना, तू आत जा.

रत्ना : आतच होते, नाना. आतबी समदं ऐकू येतंय.

वैष्णवी : ताई, बस इथं माझ्याजवळ.

रत्ना : तुजी यष्टी यायची येळ झाली. जा तू. माज्यापायी नको थांबू.

वैष्णवी : आणि तू काय करणार?

रत्ना : नाना म्हनतील तसं.

नाना : बघ! किती शानी हाय. तुज्याआदी हिनंच मिटवलं.

वैष्णवी : हेच. नाना, अगदी हेच!

नाना : काय हेच?

वैष्णवी : मागं पुण्याला नमुन्याचा वर्ग बघायला गेले होते ना, तेव्हा त्यांनी मला मध्यस्थ केलं. समोर बायको झालेली बाई रुसून बसलेली. मी तिला लेकरांचं सांगितलं, आईबापांचं सांगितलं, लोक काय म्हणतील ते सांगितलं. शेवटी ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मला वाटलं, जिंकले! सगळ्यांच्या आधी माझं मिटलं. मग शिकवणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, तू का गं मान्य केलंस? तर म्हणाली, मला तिथून उठायचं होतं.

नाना : नाटकातली बाई ती. तिचं काय जातंय?

वैष्णवी : मग बाईंनी मला विचारलं, सगळ्यांदेखत. अशी समजूत काढायला कुठं शिकलात?

नाना : मंग?

वैष्णवी : मी म्हटलं, घरी.

नाना : माजं नाव घेतलंस?

वैष्णवी : घरी, एवढंच म्हटलं.

नाना : येकच झालं की गं! हितं मानसं मला इचारल्याबिगर बांधावरचं झाड तोडत न्हाईत, आन तू पुन्यात जाऊन बापाची अब्रू काढून आलीस.

वैष्णवी : त्या म्हणाल्या, कुणी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हटलं की मध्यस्थानं थांबायचं. तिथं काही मिटलेलं नसतं, माणूस दमलेलं असतं. मला ते थांबणं शिकायचंय, नाना. मोबाईलवर कोण शिकवणार?

नाना : थांबून काय करू? दोनदा आली ही, दोनदा समजूत काढून धाडली. नारळ दिला, साडी दिली, वटी भरून धाडली. सोमनाथ मारत न्हाई, पीत न्हाई. दारात म्हशी हायत. बापानं आजून काय बगायचं असतं?

रत्ना : माज्याशी बोलत न्हाईत ते.

नाना : आगं, एकेकाचा सभाव असतोय...

वैष्णवी : सगळ्यांशी बोलतात, नाना. म्हशींशीसुद्धा बोलतात! पाणी हवं असलं तर आईला सांगतात, हिला म्हणावं पाणी दे. ही तिथंच उभी असते. मग सासू हिला सांगते. नवराबायकोत सासू मध्यस्थ.

नाना : कवापासनं?

रत्ना : डेरीवर मी बोलले तवापासनं.

नाना : काय बोललीस?

रत्ना : दुधाला फॅट कमी लागलं. ठकुबाई माप घेती तितं. हे चारचौघांत तिच्या अंगावर गेले, मशिन बिघडवलंस म्हनून. बिचारी रडाया लागली. मला ऱ्हावलं न्हाई. म्या म्हनलं, तिला का बोलता? पानी तुमी घातलंय.

नाना : आन खरंच घातलं व्हतं?

रत्ना : मीच बादली भरून दिली व्हती, नाना.

नाना : हे मला का न्हाई सांगितलंस? दोनदा आलीस, दोनदा गेलीस.

रत्ना : तुमी इचारलं, भांडान कशावरनं झालं. भांडान झालंच नव्हतं. त्याला दोन मानसं बोलावी लागत्यात.

नाना : ...थांब, फोन वाजतोय. हां, चिमाजीराव. व्हय. बरं बरं, घ्या च्या, सावकास या. व्हय, घरातच हाय पोरगी. व्हय.

वैष्णवी : कुठवर आलेत?

नाना : कापूरहोळला च्याला थांबल्यात. पोरीची पिशवी भरून ठिवा म्हनत्यात. आल्या पावली निघायचंय त्यांना.

वैष्णवी : आणि तुम्ही व्हय म्हणालात.

नाना : मंग काय म्हनू? अध्यक्ष मी दुसऱ्यांच्या घरात. हितं लेकीचा बाप हाय. उद्या मी न्हाई, तुजी आई न्हाई, मंग हिला कोन बगंल? तुला वाटतंय मला काईच वाटत न्हाई. हिला वटी भरून धाडतो तवा येष्टी दिसंनाशी हुस्तवर फाट्यावर उभा असतो मी.

रत्ना : वैशे, आंबवड्याकडनं यष्टी आली बघ. ऊठ. खरंच जा.

वैष्णवी : मी ताईची समजूत काढणार नाही, नाना.

नाना : म्हंजी निघालीस.

वैष्णवी : नाही. इथंच बसणार. पण मध्यस्थ म्हणून नाही. मी तिची बहीण आहे, मला मध्ये बसताच येत नाही. तिच्या बाजूला बसणार मी.

(रस्त्यावर एसटीचा हॉर्न. गाडी थांबते आणि निघून जाते.)

नाना : गेली तुजी गाडी.

वैष्णवी : गेली.

नाना : आता मोबाईलवरचा करशील?

वैष्णवी : नाही. पुण्याचाच. पुढच्या खेपेला परत विचारीन. नाही घेतलं तर त्याच्या पुढच्या खेपेला.

नाना : आईसारखी हट्टी.

वैष्णवी : आईसारखी नाही.

नाना : ...ती तुजी बाई थांबायचं म्हनती. थांबल्यावर मंग करत्यात काय?

वैष्णवी : एकेकाला वेगळं बसवायचं. विचारायचं, तुला काय हवंय. आणि मग आपण गप्प बसायचं.

नाना : येवडंच?

वैष्णवी : त्यातच सगळे नापास होतात. गप्प बसवत नाही कुणाच्यानं.

नाना : आन त्यो फोन इकडं. ...चिमाजीराव, म्या सावळाराम बोलतोय. आज येऊ नका. न्हाई, आजारी न्हाई कोनी. आलात तर जेवून जावा, पन पोरगी गाडीत बसनार न्हाई. का म्हंजी? तिला इचारायचंच ऱ्हायलंय. धाडत न्हाई, तसंच समजा. व्हय, पाव्हनं, मीच म्हनतोय. व्हय, शब्द दिला व्हता. फिरवला. ठिवतो.

रत्ना : नाना, हे काय केलंत?

नाना : बस हितं. वैशे, तू जरा आत जा. येगळं बसवायचं असतंय न्हवं? जा. ...रत्ना, तुला काय पायजे? बोल, मी गप ऱ्हातो.

नाना : ...बोल की गं.

रत्ना : दमा जरा, नाना. ह्ये मला आजवर कुनी इचारलंच न्हाई. बगू द्या मला, काय पायजे ते.