पडद्यामागचे भोंगे

...आणि वर मलाच म्हणतात, "एवढी गडबड काय हाय तुला?" गडबड! तुम्हीच सांगा, जी वस्तू माझ्या जन्माआधीपासून एकाच जागी धूळ खात बसलीये, ती मी आता या वयात "हलवा" म्हटलं, तर ही गडबड झाली? मग निवांत म्हणजे काय असतं? मी म्हातारी झाले की?

थांबा, पहिल्यापासून सांगते. कोल्हापुरात आमचं मंगल कार्यालय आहे. आधी ते टॉकीज होतं. चालवायचे भूपाल अण्णा, माझे थोरले चुलते. आता त्यांचे गुडघे गेलेत, कान निम्मे गेलेत, अधिकार मात्र जागच्या जागी आहे. तर टॉकीज बंद पडलं, अण्णांनी खुर्च्या काढल्या, फरशी घातली, पडद्याच्या जागी स्टेज केलं आणि स्टेजच्या मागं भिंत बांधली. पण पडद्याच्या मागं दोन स्पीकर होते! स्पीकर म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आता जे आलं ना, ते नव्हे हं. लाकडी कपाटंच म्हणा, माझ्यापेक्षा उंच, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याचा एवढा थोरला कर्णा. आमच्या घरात त्यांना भोंगे म्हणतात. गवंडी म्हणे बिचारा विचारत होता, "अण्णा, ह्ये भोंगं आतच ऱ्हात्यात बगा." अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ देत की! कुठं पळून जात्यात व्हय?"

नाही गेले पळून. कुठून जाणार? त्या खोलीला उरली एक खिडकी, तीही शेजारच्या बोळात, गजाची. दर खंडेनवमीला अण्णा त्या बोळात उभे राहतात, काठीच्या टोकाला झेंडूची माळ अडकवतात, काठी गजातून आत घालतात आणि नेम धरून माळ कर्ण्यावर टाकतात. का? तर, "लक्ष्मी हाय ती! तिनं जेवू घातलंय आपल्याला." मान्य आहे हो, जेवू घातलं. पण मागच्या माळा कोण काढणार? कोणी नाही! आत झेंडूचा नुसता भुगा साठलाय, भुगा.

आता तुम्ही म्हणाल, राहू देत की भोंगे, तुझं काय जातं? माझं काय जातं? अहो, कार्यालय आता मी बघते! आणि आमच्याकडं नवरीला खोली नाही. साडेचारशे माणसांची पंगत उठते, नवरीला साडी बदलायला खोली नाही! ती बदलते ऑफिसात, गॅसच्या टाक्यांच्या मागं, आणि मी बाहेर दाराला पाठ लावून उभी, कारण दाराची कडी मोडलीये. गेल्या सीझनला वडगावची एक नवरी तिथं बसून रडली, रडली म्हणजे पाठवणीचं रडणं नव्हे, ते वेगळं असतं, मला आता कळतं. शालू टाकीच्या नॉबमध्ये अडकून टरकन फाटला होता. तेव्हाच ठरवलं, यापुढं एकही नवरी ऑफिसात साडी बदलणार नाही. शिवाय कळंब्याकडं नवी लॉन झालीत, तिथं नवरीला खोली, आरसा, आरशाला बल्ब. लोक बुकिंगला येतात, खोली विचारतात, आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जातात. तेही खोटं. घरी कोणी विचारत नसतं. अण्णांचं म्हणणं एकच, "येतील की परत. गडबड काय हाय?"

बरं, मी माणूस शोधला. दत्तप्रसाद नावाचा, बेळगावचा. जुने स्पीकर नीट करून आपल्या घरी ठेवतो. ठेवू दे, एकेकाचं वेड. तो आला, खिडकीतून बॅटरी मारली आणि गजाला नाक लावून दोन्ही कर्णे न्याहाळले. मग म्हणाला, "मी न्यायला तयार आहे." मला वाटलं, सुटले! कुठलं काय. अण्णांनी त्याला समोर बसवला आणि चौकशी सुरू. "घर सोताचं का भाड्याचं?" "स्वतःचं आहे." "पावसात गळतंय का?" "नाही हो." "घरात कोण कोण असतंय? आईचा सोभाव कसा हाय?" अहो, माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न जमवताना यातलं निम्मं विचारलं नव्हतं! तिचं घर गळतं.

पोरगा पसंत पडला एकदाचा. मी म्हटलं, मग रविवारी टेम्पो घेऊन या. अण्णा म्हणाले, "असं कुठं असतंय व्हय? लक्ष्मी घराभायेर पडणार, दिवस चांगला नको?" आणि भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेतलं. ही अमावस्या, हा कसलातरी योग, ह्यो वार आपल्याला धार्जिणा न्हाय... आणि मग बोट टेकवलं, "हां! ह्यो झकास दिवस हाय."

मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी हॉलमध्ये लग्न आहे."

"मग? दिवस चांगला हाय म्हणूनच लगीन हाय की!"

"मग दुसरा चांगला दिवस बघा."

बघितला. त्या दिवशीही लग्न. तिसरा बघितला, लग्न! असणारच ना हो! मंगल कार्यालय आहे ते! चांगला दिवस असला की लग्न असतं, आणि लग्न नसलं की दिवस वाईट असतो! मी एमबीए केलंय, त्यात असलं काही शिकवलं नव्हतं. बाबांकडं बघितलं. आमचे बाबा, बाळासो, यांचा स्वभाव असा की, "अण्णा म्हणत्यात त्ये बी खरं हाय, तू म्हणतीस त्ये बी खरं हाय," आणि मग दूध आणायला जायचं. घरात दूध असलं तरी.

शेवटी मीच नमले. लग्नाच्याच दिवशी, पण पाहुणे यायच्या आधी, सकाळी सातला भोंगे बाहेर. दोन दिवस आधी स्टेजमागची भिंत फोडून घेतली, तिला मुहूर्त लागला नाही, "भित काय लक्ष्मी हाय व्हय?" भगदाडावर डेकोरेशनवाल्यानं फुलांचा पडदा सोडला. ज्ञानू हमाल त्याची माणसं घेऊन पावणेसातला हजर. सगळं तयार. कोण नाही? अण्णा नाहीत! अण्णा आले साडेआठला, आंघोळ करून, फेटा बांधून. मागून राजमती काकी, ताटात खण आणि नारळ. मी म्हटलं, "काकी, हे काय?" काकी म्हणाल्या, "ओटी भरायची, गं! सासरी निघाल्या न्हवं त्या?" भोंग्यांची ओटी! दोघींची! कुठं भरतात मला माहीत नव्हतं. कर्ण्यात भरतात. मी घड्याळ दाखवलं, तर दोघांनी एका सुरात, "गडबड काय हाय?"

आणि मग वऱ्हाड आलं.

तुम्ही डोळ्यांसमोर आणा. हॉल गच्च. बायका नटूनथटून बसलेल्या. आणि स्टेजवरचा फुलांचा पडदा बाजूला सरकतो, त्यातून झेंडूच्या भुग्यानं पिवळे झालेले सहा हमाल बाहेर येतात, खांद्यावर एक कपाट, त्यावर कर्णा, कर्ण्यात नारळ. सनईची कॅसेट चालूच. ते ठेवून तसंच दुसरं, आणि मागून अण्णा डोळे पुसत. कुरुंदवाडहून आलेली मुलाची आत्या उठून उभी राहिली, "अगं बाई! कपाटं दिलीत की पोरीला, जोडीनं!" झालं! सगळ्या हॉलभर कपाटं, कपाटं. मी ओरडतेय, "कपाटं नव्हेत, स्पीकर आहेत! जुने!" ऐकतंय कोण? मुलाची आई येऊन दार कुठं उघडतंय ते चाचपडतेय, मुलाचे मामा म्हणतात आमच्या टेम्पोत चढवा, तिकडं दत्तप्रसाद कर्ण्याला मिठी मारून उभा, आणि मुलीचे वडील माझ्या कानात, "ताई, आमच्या नावावर खपतंय तर खपू द्या की जरा."

तेवढ्यात दुसरा भोंगा मुख्य दारात अडकला. आडवा जाईना, उभा जाईना. आणि बाहेरून ताशा! नवरदेव दारात! मुलाचे मामा ओरडले, "पावणं, नवरदेव खोळंबलाय, मागं घ्या त्ये!" ज्ञानू आतून ओरडला, "पावणं, नवरदेवाला वळवा, ह्यो वळत न्हाय!" मग काय, वळवला. नवरदेव आला स्वयंपाकघरातून, मसालेभाताच्या पातेल्यांच्या मधून, बाशिंगाला वाफ लागून. भटजी माइकवर, "मुहूर्त टळतोय, मुलीला आणा." मुलगी कुठंय? ऑफिसात नाही! शोधते तर फुलांच्या पडद्यामागं, भगदाडाच्या आत, रिकाम्या खोलीत उभी. मैथिली तिचं नाव. निऱ्या नीट करत होती, एकटी, निवांत, पायाशी पिवळा भुगा. मला बघून म्हणाली, "ताई, इथं एक आरसा लावा हं." बस. तेवढ्या एका वाक्यासाठी मी सगळं सोसलं, तुम्हाला सांगते.

भोंगे गेले. दाराची चौकट काढावी लागली, पण गेले. अण्णा टेम्पोच्या मागं कोपऱ्यापर्यंत चालत गेले, त्या गुडघ्यांनी. मी जाऊ दिलं. मलाही कळतं हो. मग मी खोली केली. फरशी, रंग, आरसा, आरशाला बल्ब, एसी, दिवाण, आणि दाराला आतून कडी. भक्कम, पितळी. पुढच्या लग्नाची नवरी आली, मी ऐटीत म्हटलं, "या, तुमची खोली." दार ढकललं. उघडेना. आतून कडी!

वाजवलं. मोबाइल लावला. शेवटी बोळात जाऊन खिडकीतून बघितलं. आत एसी चालू, दिवाणावर अण्णा, पोटावर फेटा. म्हटलं, "अण्णा, नवरी आलीये!" एक डोळा उघडला. "हितं लई गार वाटतंय बग. एवढी वर्षं नुसतं भायेरनं बघितलं, आत कधी बसलोच न्हवतो. जरा पडू दे की. पोरीला तवर हापिसात बसीव."

बसवली. मी परत दाराला पाठ लावून उभी.

आता रोज जेवण झालं की अण्णा तिथंच असतात. परवा मी ज्ञानूला फोन केला, म्हटलं, त्या खोलीतून अजून एक काढायचंय, माणसं घेऊन येतोस का? काय काढायचंय म्हणाला. सांगितलं. मग म्हणाला, "न्हाय जमायचं, ताई. भोंगं बोलत न्हवतं, म्हणून निघालं."