सही केल्याने झालेले नुकसान

मी, मुबश्शिरा परवेझ तांबोळी, वय ३८ वर्षे, धंदा बोर्ड रंगवणे व चित्रकलेचे क्लास घेणे, रा. बाजारतळाजवळ, राहाता, जि. अहिल्यानगर. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व मुलीसह राहते. लॉजमालक काकासाहेब यांनी मी त्यांच्या चित्राचे तीन लाख शेहेचाळीस हजारांचे नुकसान केल्याची तक्रार दिली आहे. ती मला समजावून सांगण्यात आली.

सन २०२२ मध्ये मी त्यांच्या लॉजच्या रिसेप्शनसाठी सहा बाय चार फुटांचे चित्र काढून दिले. त्यात माणूस, झाड, देव काही नाही. नुसते रंग आहेत. मी सही करायला वाकले तेव्हा काकासाहेब म्हणाले, "ताई, नाव नका टाकू. भाविक लोकं उतरत्यात, उगी कुनी विचारत बसंल." काय विचारत बसेल, हे मी विचारले नाही. ब्रश धुतला.

दि. ९ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी त्याच लॉजवर पार्किंगचा बोर्ड रंगवत होते. पुण्याहून रविराज नावाचे जाणकार चित्राची किंमत ठरवायला आले होते. चित्र उतरवायला हात कमी पडले म्हणून मला आत बोलावले. एक बाजू मी धरली.

रविराज यांनी भिंगातून पाहून सांगितले की, लाल पट्टा ही चित्रकाराच्या आयुष्यातली जखम आहे. तो लाल आहे, कारण त्या दिवशी निळा संपला होता. डावीकडची कोरी जागा त्यांना मृत्यूची चाहूल वाटली. तिथून एसीचा पाइप जाणार होता. "हात पुरुषाचा आहे, साठीपुढचा, बहुधा परदेशात शिकलेला," असे म्हणून त्यांनी साडेतीन लाख किंमत सांगितली. माझे शिक्षण संगमनेरला झाले.

मी म्हणाले, "हे मी काढलंय."

रविराज हसले व काकासाहेबांकडे पाहू लागले. काकासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "आवो ताई, नीट धरा. पडंल ते."

मी चित्र नीट टेकवून ठेवले. बाहेरून बोर्डाचा ब्रश आणला आणि उजव्या कोपऱ्यात काळ्या रंगाने माझे पूर्ण नाव लिहिले. अक्षर पार्किंगच्या बोर्डापेक्षा बरे आले आहे. रविराज यांनी पुन्हा भिंग लावले व किंमत चार हजारांवर आणली. जखम आणि मृत्यू दोन्ही जागच्या जागी आहेत, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले.

काल काकासाहेबांचा निरोप आला की, टर्पेंटाइनने नाव पुसून दिले तर तक्रार मागे घेतो. पती परवेझ म्हणाले, "पुसून टाक, मिटव." टर्पेंटाइन घरात पाच लिटर आहे. मी पुसणार नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'अज्ञात चित्रकाराचे चित्र' असे शब्द आले होते, ते मी खोडायला लावले. हवालदारांनी विचारले, "मग काय लिहू?" मी सांगितले, त्यांनी लिहिले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा व बरोबर आहे.